डावा खूर

चंद्रभागाबाईने परात परत आणून दिली ती रिकामी. सत्यभामा ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. परात ओट्याच्या कडेला ठेवून चंद्रभागाबाई म्हणाली, "तुमची परात. आमची बांधाबांध चाललीय. बिस्तरवारी कूच हाय." आणि गेली. परातीत मूठभर डाळ नव्हती, गुळाचा खडा नव्हता, काही म्हणता काही नव्हतं. मोमिनाबादच्या छावणीत, सवारांच्या लाइनीत, बारा वर्षं दोघींची भिंत एक होती. चुलीतला विस्तव इकडून तिकडे गेला, बाळंतपणं एकमेकींच्या हातून झाली, आणि या बारा वर्षांत एकीचं भांडं दुसरीकडून रिकामं म्हणून कधी परतलं नव्हतं. साधी रीत आहे, पोरीसोरींनाही शिकवावी लागत नाही. बांधाबांधीच्या गडबडीत विसरली असेल, असं सत्यभामेने स्वतःला सांगून पाहिलं, पण ते तिचं तिलाच पटेना. आणि नुसती परात नव्हे, "दफेदारीणबाई" म्हटल्याशिवाय जिच्या तोंडून पुढचा शब्द निघत नसे, ती आज हाक न मारताच मोकळी झाली होती. सत्यभामेने सूप खाली ठेवलं. तिची कानशिलं तापली. उठून त्या बाईच्या दारात जावं आणि परात तिच्या उंबऱ्यावर आपटावी असं तिला वाटलं, आणि पुढच्याच घटकेला वाटलं, काय म्हणून आपटणार? तिच्या नवऱ्यापाशी घोडा आहे. आपल्या नवऱ्यापाशी नाही.

सगळं तिथे येऊन थांबत होतं. या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, घोडा सरकारचा नसे, सवाराचा असे. घोडा असेल तर रिसाल्यात जागा, आणि ती जागा बापाकडून लेकाकडे चालत येई. तिला असामी म्हणत. सत्यभामेच्या सासऱ्यांची, आप्पांची, जी असामी होती तीच तिच्या नवऱ्याकडे, सुंदररावाकडे आली होती, आणि तिच्याच जोरावर तो दफेदारीपर्यंत चढला होता. प्रत्येक घोड्याच्या पुढच्या डाव्या खुरावर आकडा डागलेला असे. खूर वाढून आकडा खाली सरकला की पुन्हा नव्याने डागायचा. घोडा कुठेही मेला, रजेवर मेला, रानात मेला, तरी सवाराने आधी तो खूर तोडायचा आणि रिसाल्यात आणून दाखवायचा. खूर दाखवला की सवार खरा, आणि त्याला दुसरा घोडा मिळे. खूर नसला तर घोडा मेला नाही, विकला. लाइनीतल्या बायकांना हे पाठ होतं. शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि हे ज्याला सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवं, ज्याने स्वतः तीस वर्षं त्याच रिसाल्यात काढली, त्या म्हाताऱ्याने, आप्पांनी, गेल्या श्रावणात गावी, नांदूरघाटला, सुंदररावाची घोडी निळी मेली तेव्हा काय केलं? स्वतःचा पटका सोडला, तो तिच्यावर पांघरला आणि हळदकुंकू वाहून चार खुरांसकट अख्खी पुरली.

सुंदरराव त्या रजेवरून परत आला तो सत्यभामेला अजून दिसे. दुपारची वेळ, लाइनीतल्या बायका निवडणं-टिपणं घेऊन दारादारांत बसलेल्या, आणि हा छावणीच्या फाटकातून पायी येतोय, डोक्यावर खोगीर. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. घरात येऊन त्याने खोगीर खुंटीखाली ठेवलं आणि म्हणाला, "निळी गेली. पोटात कळ आली, रातभर लोळली. आप्पानं पुरली, खुरासकट. माझं काई चाललं न्हाई." तेवढंच. पुढे आठ महिने तो हेच वाक्य सगळ्यांपुढे म्हणाला, रिसालदारापुढे, साहेबापुढे, शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे, एक शब्द इकडचा तिकडे न करता. चौकशी झाली. माणूस पाठवून उकरून आणा, असं साहेबाने सांगितलं, तर हा म्हणाला, बापाने पुरलेलं मी उकरणार नाही. सत्यभामेला तेव्हा, खोटं कशाला बोला, अभिमानच वाटला होता. असला नवरा लाइनीत दुसरा नाही, असं तिने याच चंद्रभागाबाईला ऐकवलंही होतं. मग दफेदारी गेली. मग घोडा नसलेला सवार म्हणून त्याला तबेल्याच्या मागे गवताच्या गंजींवर लावला. तरणी पोरं त्याला घोडाविक्या म्हणू लागली, आधी मागून, मग तोंडावर. दिवाळीत चंद्रभागाबाईच्या नवऱ्याने, गहिनीनाथाने, निरोप धाडला की म्हाळूचं लग्न इतक्यात करायचं नाही. म्हाळू म्हणजे त्यांचा थोरला, आणि त्याच्याशी सत्यभामेच्या बायनाची सुपारी वर्षापूर्वी फुटली होती. पोरगी चार दिवस भाकरी अर्धीच खात राहिली, इतकंच.

आता निजामाच्या मुलखातून रिसाला उठत होता. छावणी मोडायची होती, आणि गुरुवारी कूच. ज्यांची प्रकरणं राहिली होती त्यांना शेवटचा हुकूम सुटला होता: कुचाच्या आधी खूर आणा, नाहीतर घोडा विकला असा शेरा मारून नाव कटेल. आज सोमवार. पाडवा चार दिवसांवर आला होता. लोक नव्या वर्षाच्या गोष्टी बोलत होते, कोण कुठल्या छावणीत जाणार, कोण पेन्शन घेऊन गावी बसणार, आणि सत्यभामेच्या घरात कुणी काहीच बोलत नव्हतं. सुंदरराव बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिने परात आत आणून ठेवली, मुद्दाम आवाज करून. तो हलला नाही. मोठ्या दुष्काळात नांदूरघाटचे लोक झाडाचा पाला उकडून खात होते तेव्हा या घरात रोज भाकरी होती, ती या असामीची. शेरा मारून नाव कटलं तर हा माणूस गावात तरी कुठल्या तोंडाने बसणार? बायनाला कोण करून घेणार? घोडाविक्याची पोर. हे सगळं त्याला दिसत नव्हतं का? दिसत असून तो भिंतीकडे बघत होता, याचाच तिला संताप आला. तिने पेटीतलं लुगडं काढलं, बायनाला हाक मारली, शिळ्या भाकरी फडक्यात बांधल्या.

"कुठं निघालीस?" तो न वळता म्हणाला.

"नांदूरघाटला. खूर आणाया."

तेव्हा मात्र तो उठून बसला. "कावून? मी सांगितलं ना, उकरायचं न्हाई. बापानं पुरलेलं लेकानं उकरावं का?"

"लेकानं उकरू नये. मी सून हाय."

"माती झाली असंल त्याची आतापतूर."

"खूर इतक्यात सडत न्हाई. तुमीच सांगितलतं."

तो दारात येऊन उभा राहिला. त्याची उंची दाराइतकी होती, आणि आत अंधारून आलं. "सत्यभामा," तो म्हणाला. सोळा वर्षांच्या संसारात त्याने तिला नावाने हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. "ऐक माझं. जाऊ दे ती असामी. आपुन गावाकडं जाऊ. आप्पाचं रान हाय, भागंल." तिला वाटलं, लाज आता हाडापर्यंत पोचली माणसाच्या. तिने पोरीचा हात धरला आणि त्याच्या काखेखालून बाहेर पडली.

केजचा वैजिनाथ वाणी मीठ घेऊन निघाला होता, त्याच्या गाडीत दोघींना जागा मिळाली. चैत्राच्या तोंडाचं ऊन, रस्त्याला बोटभर धूळ. बायना मिठाच्या गोणीला टेकून झोपली आणि सत्यभामा आठ महिन्यांचा राग एकेक करून पुन्हा चघळत राहिली. त्यातला मोठा वाटा आप्पांचा होता. संक्रांतीला ती मुद्दाम नांदूरघाटला जाऊन आली होती, एकटी, भांडायलाच. सासऱ्याशी तोंड वर करून बोलायची तिच्या माहेरी रीत नव्हती. पदर कपाळापर्यंत ओढून तिने त्या पदराच्या आडून जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. "तुमच्या मायेनं आमच्या चुलीवर पाणी ओतलं, मामंजी. जनावराची माया आली, लेकाची न्हाई आली?" म्हातारा अंगणात दोरी वळत बसला होता. त्याने हातातली दोरी खाली ठेवली, ऐकून घेतलं, आणि पुन्हा उचलली. उठून घरात गेला आणि तिच्यासाठी स्वतःच्या हाताने ताट वाढून आणलं. ती जेवली नाही. पाण्यालाही शिवली नाही. निघताना पायावर डोकं ठेवायचं तेही ठेवलं नाही, आणि वेशीपर्यंत तिला त्याबद्दल बरं वाटत राहिलं. म्हाताऱ्याच्या गप्प बसण्याचा तिला सगळ्यांत जास्त राग होता. चुकलो म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती? पण हे घरच असं. थोरला दीर बद्रीनाथ चीनच्या लढाईवर जहाजाने गेला आणि वाटेतच तापाने मेला, समुद्रात टाकला त्याला, तेव्हाही हे बापलेक आपसात चार शब्द बोलले नाहीत. दोघं अंगणात दोन कोपऱ्यांत बसून राहिले होते. सुंदरराव महिनाभर रात्री दचकून उठायचा, आणि तिने विचारलं की म्हणायचा, "काई न्हाई, नीज."

रात्र केजला वाण्याच्या पडवीत काढून मंगळवारी दुपारी त्या नांदूरघाटला पोचल्या. आप्पा रानातच होते. नातीला बघून त्यांचा चेहरा उजळला, सुनेला बघून पुन्हा आवळला. सत्यभामेने प्रस्तावना केली नाही. "बिस्तरवारी रिसाला उठतोय. खूर न्हाई नेला तर तुमच्या लेकाच्या नावावर चोरीचा शेरा बसंल. निळी कुठं पुरलीय?" तिने ठरवलं होतं, म्हातारा आडवा आला तर त्याच्यादेखत उकरायचं, गाव गोळा झालं तरी चालेल. पण आप्पा आडवे आले नाहीत. ते खोपीत जाऊन कुदळ आणि खोरं घेऊन आले, नाल्याकाठच्या लिंबापाशी गेले आणि काठीने जमिनीवर एक रेघ ओढली. "इकडं तोंड हाय. पाय तिकडं," ते म्हणाले, आणि लिंबाला पाठ लावून खाली बसले. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून खांद्याच्या वर जात नव्हता. बायनाला त्यांनी बांधावर बसवलं, अंमळ लांब, आणि म्हणाले, "तिथंच बस, माय. वास लागंल."

सत्यभामेने पदर खोचला. काळी जमीन वर भेगाळलेली आणि खाली गच्च होती. पहिल्या दहा घावांतच तळहात सोलले. तिला ते बरं वाटलं. प्रत्येक घावाला तिच्या डोक्यात एक नाव येत होतं. हा घाव गहिनीनाथाचा, हा त्या रिकाम्या परातीचा, हा घोडाविक्या म्हणणाऱ्या पोरट्यांचा, आणि हे पुढचे सगळे तिथे लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्याचे. घामाने लुगडं पाठीला चिकटलं. तिला डोळ्यांपुढे दिसत होतं, आपण बुधवारी संध्याकाळी छावणीत शिरतोय, फडक्यातला खूर साहेबाच्या टेबलावर ठेवतोय, आणि सगळी लाइन दारादारांत उभी आहे. कमरेइतकं खोल गेल्यावर कापड लागलं. पटका. एकेकाळी लाल असणार, आता मातीच्याच रंगाचा. मग वास आला आणि तिने पदर नाकावर बांधला. मागचे दोन पाय आधी मिळाले. कातडं हाडांना सुकून चिकटलं होतं, पण खूर जसेच्या तसे होते, नालासकट. तिने हाताने माती बाजूला करायला सुरुवात केली. पुढचा उजवा पाय मिळाला. त्याच्या खाली डावा असणार म्हणून तिने उजवा उचलून बाजूला केला.

डावा पाय गुडघ्यापर्यंत होता, गुडघ्याखाली वीतभर होता, आणि मग नव्हता. तिने खालची माती उपसली, आजूबाजूची उपसली. मग हाडाच्या टोकावरून अंगठा फिरवला. टोक सपाट होतं. कोल्ह्याने कुरतडलेलं नव्हतं, सडून गळलेलं नव्हतं. एका घावात तोडलेलं होतं, कुऱ्हाडीने, जिथे तोडायला रिसाल्यात शिकवतात बरोबर तिथे. ती खड्ड्यात तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. दमलेल्या डोक्याला आधी काहीच कळेना. मग कळलं, पण ते तिला नको होतं. तिने वर पाहिलं. आप्पा लिंबापासून उठून खड्ड्याच्या काठावर आले होते. त्यांचा उजवा हात अंगाला लागून लोंबत होता. त्या हाताने कुऱ्हाड उचलली नसती.

"कुणी तोडला?" तिने तरी विचारलं.

"ज्याचं घोडं त्यानं," आप्पा म्हणाले. "रीत हाय ती. जीव गेला की पैला खूर. माझ्यासमोर तोडला, मंग पुरली आमी."

"मंग कुठाय तो?"

आप्पा सावकाश काठावर बसले. "दोन दिस उशाखाली घेऊन पडलता. जेवंना, बोलंना. तिसऱ्या दिशी म्हणला, आप्पा, खूर नेला तर नवं घोडं भेटंल. घोडं भेटलं तर जहाजात बसावं लागंल. बद्रीनाथावानी. रिसाला भाईर धाडायच्या गोष्टी चालल्यात म्हणला. नदीच्या डोहात टाकून आला. मंग म्हणला, तुमी अख्खी पुरली म्हणून सांगतो. मी म्हणलो, सांग."

"आन् तुमी कावून हो म्हणलात?"

"एक लेक दर्यानं नेला. दुसरा भेला म्हणून हाताशी ऱ्हायला. त्याला भित्रा म्हणत्याल, त्यापरीस मला येडा म्हणू दे." मग म्हाताऱ्याने पहिल्यांदा सुनेच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "बायकोला तरी सांग म्हणलतो मी. लई येळा म्हणलो."

खड्ड्यात ऊन येत नव्हतं, तरी तिच्या अंगाची लाही होत होती. संक्रांतीचं ते ताट. तुमच्या मायेनं आमच्या चुलीवर पाणी ओतलं. म्हाताऱ्याने तेव्हा दोरी खाली ठेवून ते ऐकून घेतलं होतं, सगळं, आणि त्याला एका वाक्यात तिचं तोंड बंद करता आलं असतं. भीतीचा तिला राग नव्हता. भ्याला तर भ्याला. ज्याचा भाऊ समुद्रात टाकला तो भिणार नाही तर कोण भिईल? तिला सांगितलं असतं तर तिने स्वतः बिऱ्हाड बांधलं असतं, नाव कापून घेऊन सरळ गावी चला म्हणाली असती. पण सरळ नाव कापून घेतलं असतं तर लाइनीत भित्रा ठरला असता, आणि ते त्याला नको होतं. लेकीची सुपारी मोडलेली चालली. बापाला वेडं ठरवलेलं चाललं. बायकोने बारा वर्षांच्या शेजारणीशी त्याच्यासाठी भांडलेलं चाललं. रात्री तिच्याच हातची भाकरी खात, तिच्या तोंडून आप्पांना शिव्या ऐकत, हा माणूस मान खाली घालून बसायचा, आणि ती त्याला बापाची माया समजत होती. आठ महिने. काल दारात उभा राहून नावाने हाक मारली तीसुद्धा लाजेने नव्हे, पकडलं जाण्याच्या धाकाने. तिला वाटलं, आपण या आठ महिन्यांत कुणाकुणावर रागावलो ते सगळं परत गोळा करून एकाच ठिकाणी नेऊन ओतायला हवं, आणि एका माणसात एवढा राग मावेल का, कोण जाणे.

आप्पांनी डावा हात पुढे केला, पण ती स्वतःच खड्ड्याच्या कडेला धरून वर आली. बांधावर बायना उभी राहिली होती. तिने काय ऐकलं, किती ऐकलं, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. ती गावाकडच्या पायवाटेकडे बघत होती. त्या वाटेने सुंदरराव येत होता. रात्रभर आणि दिवसभर चालून आला होता, पायी, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. लिंबापासून वीस पावलांवर तो थांबला. त्याने खड्डा पाहिला, मातीचा ढीग पाहिला, बापाकडे पाहिलं. बायकोकडे पाहायचं त्याने टाळलं.

"रिसाला परवा उठंल," तो म्हणाला. "नाव कटंल. कटू दे. आता हितंच ऱ्हाऊ."

"ऱ्हाऊ की," सत्यभामा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा हळू निघाला. "पर उद्या आधी छावणीत जायाचं. साहेबापुढं हुबं ऱ्हायाचं, आन् म्हणायचं, खूर मीच तोडला, मीच फेकला, बापानं काई केलं न्हाई. मंग गहिनीनाथाच्या दारात जाऊन हेच म्हणायचं. मी संगं येते."

"सगळी लाइन थुंकंल," तो म्हणाला.

"थुंकू दे. आमी आठ महिने पुसतोच हाव."

आप्पा म्हणाले, "जाऊ दे ना, सत्यभामे. झालं ते झालं. लेकरू हाय माझं." तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावरचा पदर न सावरता म्हणाली, "तुमचं लेकरू हाय, मामंजी. माझा नवरा हाय. आन् तिचा बाप हाय." तिने मातीत पडलेलं खोरं उचललं आणि सुंदररावाच्या हातात दिलं. त्याला वाटलं खड्डा बुजवायचा, तो ढिगाकडे वळला.

"ते मंग," ती म्हणाली. "आधी तिला सांगा. साहेबाच्या आधी तिला. हितं, माझ्यासमोर."

बायना बांधावरून उतरून जवळ आली होती. आईकडे नाही, आजाकडे नाही, ती बापाकडे बघत होती, छावणीत दफेदार समोर आला की सवाराची पोरं जशी सरळ उभी राहतात तशी उभी. सुंदररावाने खोऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला. सत्यभामा थांबली. तिला आता कुठेही जायची घाई नव्हती.

"बायना," तो म्हणाला, "म्या भेलतो."

पोरीने मान हलवली, ऐकलं म्हणून, आणि पुढचं ऐकायला तशीच उभी राहिली. सत्यभामेला वाटलं होतं, हे एवढं त्याच्या तोंडून निघालं की आपल्या छातीवरचं काहीतरी उतरेल. काही उतरलं नाही. राग होता तिथेच होता, होता तेवढाच होता.

"पुढं सांगा," ती म्हणाली.